शेण की युरिया? मिरचीला विचारा!

शनिवार संध्याकाळ. सुपरमार्केटचा भाजी विभाग. एका ट्रेमध्ये साधी ढोबळी मिरची, सैलपणे ओतलेली. शेजारी तीच ढोबळी मिरची, पण पाकिटात. पाकिटावर हिरवं पान, खाली झोकदार अक्षरांत ‘ऑरगॅनिक’, आणि दर बघितला की हात आपोआप मागे येतो.

या दोन ट्रेंच्या मध्ये उभं राहिलं की माणसांचे दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, ‘अरे, आपण सगळे विष खातोय विष! युरिया टाकलेली भाजी म्हणजे स्लो पॉयझन.’ दुसरा गट म्हणतो, ‘काही नसतं रे, सगळं मार्केटिंग. तीच मिरची, फक्त पॅकिंग वेगळं.’ हा वाद तुम्ही ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकला असेल, कदाचित हिरिरीने घातलाही असेल. गंमत म्हणजे या वादात ज्या दोघांना काहीतरी माहीत असतं, त्यांना कुणी विचारतच नाही. एक म्हणजे मिरचीचं रोप आणि दुसरा ते लावणारा शेतकरी.

तर आज आधी मिरचीला विचारू. मग शेतकऱ्याकडे जाऊ. आणि पाकिटाचं काय करायचं ते शेवटी ठरवू.

रोपाचा मेनू

शाळेतलं थोडं आठवा. झाडाला मुख्य तीन गोष्टी लागतात : नत्र, स्फुरद आणि पालाश. म्हणजेच एन-पी-के. नत्राने पानं आणि फांद्या वाढतात, स्फुरदाने मुळं जोर धरतात आणि फुलोरा येतो, पालाशने फळ भरतं आणि त्याला रंग येतो. शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, लोह वगैरे मंडळी थोड्या थोड्या प्रमाणात.

आता महत्त्वाची गोष्ट. मिरचीचं मूळ शेण खात नाही. युरियाही जवळपास खात नाही. ते नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या दोन रूपांत, पाण्यात विरघळलेलं. शेणखत जमिनीत पडलं की जिवाणू ते हळूहळू कुजवतात आणि शेवटी नायट्रेट तयार होतं. युरिया पडला की जमिनीतलेच जिवाणू आणि विकरं त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. मुळाच्या दारात जे पोचतं ते एकच. पार्सल कुठल्या हॉटेलातून आलंय हे मिरचीला कळत नाही.

मग फरक कशात? वेगात आणि प्रमाणात.

युरिया म्हणजे फास्ट फूड. त्यात ४६ टक्के नत्र असतं आणि ते काही दिवसांत मुळाला मिळतं. शेणखत म्हणजे घरचं जेवण, तेही मंद आचेवरचं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र असतं साधारण अर्धा टक्का, आणि त्यातलंही पहिल्या हंगामात ढोबळमानाने एक-तृतीयांशच रोपाला मिळतं. बाकीचं पुढच्या पिकांसाठी जमिनीत शिल्लक राहतं. गांडूळखतात नत्र जरा जास्त, टक्का-दीड टक्का. निंबोळी पेंडीत पाच टक्क्यांच्या आसपास. पण युरियाच्या जवळपासही कुणी नाही.

जरा कॅल्क्युलेटर काढा

एक्सेलवर जगणाऱ्या तुम्हा-आम्हाला ही भाषा लगेच कळेल. बागायती मिरचीला आपल्याकडे हेक्टरी साधारण १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. आपण फक्त नत्राचं गणित करू.

१०० किलो नत्र युरियातून द्यायचं तर लागतो सुमारे २१७ किलो युरिया. म्हणजे ४५ किलोच्या पाच गोण्यांनाही जरा कमीच. सरकारी अनुदानामुळे २०१८ पासून ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आहे. म्हणजे दीड हजाराच्या आत काम झालं. टेम्पोच्या एका कोपऱ्यात माल मावतो.

तेच १०० किलो नत्र याच हंगामात फक्त शेणखतातून मिळवायचं तर? एका टनात पाच किलो नत्र, त्यातलं या हंगामात कामाला येणार दीड-पावणेदोन किलो. म्हणजे हेक्टरी साठेक टन शेणखत! दहा टनांचे सहा ट्रक. एका हेक्टरसाठी. ते विकत घ्या, वाहून आणा, पसरा, मातीत मिसळा, आणि प्रत्येक टप्प्याला मजुरी द्या. घरात दोन गायी असलेला शेतकरी एवढं शेण आणणार कुठून? दावणीला जनावरं कमी झाली, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, तसं शेणही कमी झालं. ट्रॅक्टर शेण देत नाही, हे साधं वाक्य शहरातल्या ऑरगॅनिक चर्चेत क्वचितच ऐकू येतं.

हा प्रश्न आजचा नाही. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला आणि कार्ल बॉश यांच्या तंत्राने १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून खतासाठी जनावरांच्या मागे फिरण्याची सक्ती संपली. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं जेवण या नत्रावर उभं आहे असं मानलं जातं. ‘रासायनिक खत’ म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी हा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आणावा.

मग युरियाच का नको?

थांबा, दुसऱ्या गटाने एवढ्यात टाळ्या वाजवू नयेत.

मिरचीला नत्राचा डोस जास्त झाला की काय होतं माहितीये? रोप मस्त तरारतं. हिरवंगार, गुबगुबीत, बघत राहावं असं. फक्त मिरच्या लागत नाहीत! सगळी ताकद पानांत जाते, फुलं उशिरा येतात, आलेली गळतात. वर ती कोवळी, रसदार पानं म्हणजे फुलकिडे आणि मावा यांच्यासाठी बुफेच. रस शोषणारी कीड वाढली की पानं आकसतात, वळतात. शेतकरी ज्याला ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’ म्हणतात तो प्रकार. मग फवारणी आली. म्हणजे स्वस्त खताचं बिल महागड्या औषधाच्या दुकानात फाटतं.

ढोबळी मिरचीची आणखी एक खोड आहे. अमोनियम रूपातलं नत्र भरमसाट झालं किंवा पाणी कधी जास्त, कधी कमी असं झालं, की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि फळाचं टोक काळं पडून बसतं. असं फळ बाजारात कुणी घेत नाही. किलोत मोजायला उत्पन्न आहे, पैशांत मोजायला नाही.

आणि टाकलेला सगळा युरिया मिरचीच्या पोटात जातो असंही नाही. बराचसा हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर खाली झिरपतो. खाली गेलेलं नायट्रेट विहिरीत उतरतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट चालत नाही, आणि देशात अनेक ठिकाणच्या भूजलाने ही रेषा ओलांडलेली आहे. नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. २०१५ पासून देशातल्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं त्यामागे एक कारण हेच : नत्र जरा सावकाश सुटावं.

पण खरं दुखणं जमिनीत आहे. फक्त गोणीतलं खत आणि शेणखताला सुट्टी, असं वर्षानुवर्षं चाललं की मातीतला सेंद्रिय कर्ब घटतो. आपल्याकडे सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की जमीन ‘कमी’ गटात धरतात, पाऊण टक्क्याच्या वर असला की ‘भरपूर’. कर्ब घटला की माती पाणी धरत नाही, पावसानंतर तिच्यावर पापडी धरते, गांडुळं दिसेनाशी होतात. जस्त, लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं कमी पडतात. मग तेच उत्पन्न काढायला दरवर्षी खत जास्त लागतं. क्रेडिट कार्डाची मिनिमम रक्कम भरत राहण्यासारखं आहे हे. महिना निभावतो, कर्ज मात्र वाढत राहतं.

ही गोष्ट ओळखणारा एक माणूस आपल्या ओळखीच्या शहरात होऊन गेला. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात कापूस आणि जमिनीवर काम करत होते. शेतातला पालापाचोळा, शेण, माती यांचे थर देऊन कंपोस्ट करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. आज लंडन-न्यूयॉर्कमध्ये ऑरगॅनिकची फॅशन आहे ना, तिच्या मुळाशी इंदूरचा उकिरडा आहे! आणि ती रीत बरीचशी इथल्याच शेतकऱ्यांकडे बघून शिकलेली, हे स्वतः हॉवर्ड मान्य करत.

स्कोअर काय मग?

आकडे हवेत? घ्या. २०१२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत जगभरच्या प्रयोगांची एकत्र तुलना प्रसिद्ध झाली. सेंद्रिय शेतीचं उत्पन्न सरासरी २५ टक्के कमी निघालं. फळांत फरक नगण्य, भाज्यांत मात्र सरासरी ३३ टक्के. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने ११५ अभ्यास एकत्र केले, त्यात तफावत १९ टक्क्यांच्या आसपास आली. पण सेंद्रिय शेतकऱ्याने पिकांची फेरपालट केली किंवा शेतात एकापेक्षा जास्त पिकं घेतली, तिथे ही तफावत आठ-नऊ टक्क्यांपर्यंत खाली आली.

म्हणजे ‘सेंद्रियमध्ये उत्पन्न घटतच नाही’ हे खोटं. ‘सेंद्रिय म्हणजे निम्मं पीक’ हेही खोटं. किती घटतं हे जमिनीवर, जातीवर आणि करणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

मिरचीवरच्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दोन्ही एकत्र दिलं की गाडी छान पळते. लागवडीआधी भरपूर शेणखत किंवा गांडूळखत, रोपांच्या मुळांना अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया, आणि वरून नत्र एकदम न देता हप्त्याहप्त्याने. शेणखत माती भुसभुशीत ठेवतं, ओल धरतं. रासायनिक खत फुलोऱ्याच्या ऐन भुकेच्या वेळी हाताशी येतं. कृषी खात्याच्या भाषेत याला ‘एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापन’ असं जडजंबाल नाव आहे. साध्या भाषेत, रोज पोळी-भाजी आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेली टॉनिकची बाटली. यावर झोकदार पाकीट निघत नाही, म्हणून याबद्दल कुणी बोलत नाही.

घाई नडते

एका रात्रीत सगळं सेंद्रिय करायला निघालं की काय होतं ते श्रीलंकेने दाखवलं. २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली. तेवढं कंपोस्ट देशात नव्हतंच. भात आणि चहाचं उत्पादन घसरलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. पुढे २०२२ मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली, त्याला कर्जापासून परकी चलनाच्या टंचाईपर्यंत इतरही मोठी कारणं होती. पण शेतकऱ्याचं ते वर्ष वाया गेलं ते गेलंच.

याच्या उलट आपलं सिक्कीम. तिथे २००३ मध्ये सेंद्रिय राज्य व्हायचं ठरलं आणि संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली २०१६ च्या जानेवारीत. मध्ये तब्बल बारा-तेरा वर्षं. डोंगराळ मुलूख, मुळातच खताचा वापर कमी, तरीही एवढा वेळ लागला. तिथली गोल, लालबुंद, डोळ्यांतून पाणी काढणारी ‘डल्ले खुर्सानी’ मिरची आज नावाजली जाते. २०२० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिला दर मिळतो तो जातीमुळे आणि नावामुळे. बाजारात नाव नसलेल्या साध्या हिरव्या मिरचीला तो कोण देणार?

आता बिल कुणी भरायचं?

इथेच खरी मेख आहे. समजा एका शेतकऱ्याची मिरची १०० किलोऐवजी ८० किलो निघाली. तेवढेच पैसे हातात यायला त्याला दर सव्वापट मिळायला हवा. ६७ किलो निघाली तर दीडपट. वर तण काढायची जास्तीची मजुरी वेगळीच. म्हणजे त्या पाकिटाचा चढा दर ही नुसती लूट नाही, त्यात हा खड्डा भरून काढायचा हिशेबही आहे. खड्डा खरंच भरतो की पैसे मधल्या साखळीत मुरतात, हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा.

त्याहून अवघड दोन वर्षं असतात सुरुवातीची. प्रमाणपत्राच्या नियमांनुसार हंगामी पिकांसाठी जमिनीला साधारण दोन वर्षं रूपांतराचा काळ पाळावा लागतो. या काळात शेतकरी पिकवतो सेंद्रिय पद्धतीने, उत्पन्न येतं कमी, आणि माल विकावा लागतो साध्या भावात. विचार करा, तुम्हाला बॉसने सांगितलं की दोन वर्षं पगार तीस टक्के कमी, काम जास्त, त्यानंतर बघू. किती जण थांबाल? शेतकरी सेंद्रियकडे का वळत नाही याचं उत्तर त्याच्या अडाणीपणात शोधू नका, त्याच्या पासबुकात शोधा.

आणि एक गैरसमज आजच्या आज डिलीट करा. खत वेगळं आणि कीडनाशक वेगळं. भाजीवर उरलेल्या अंशांची जी भीती आपल्याला वाटते, ती मुख्यतः कीडनाशकांची. गावाकडे त्याला ‘औषध’ म्हणतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. युरियावर वाढलेली मिरची त्यामुळे विषारी होत नाही. फवारणीनंतर ठरलेले दिवस न थांबता तोडलेली मिरची मात्र धोक्याची असू शकते, आणि तिथे प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण युरिया टाकणाऱ्या शेतकऱ्याला ‘विष पिकवतो’ म्हणणं हे अज्ञान आहे, आणि ते त्याच्याच ताटातलं खाऊन केलेलं आहे.

तर सुपरमार्केटमध्ये काय करायचं? हिरवं पान आणि सुतळी बघून भुलू नका. पाकिटावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह आहे का ते बघा. गटाने एकमेकांच्या शेताची तपासणी करून मिळणाऱ्या ‘पीजीएस-इंडिया’ प्रमाणपत्रात ‘ग्रीन’ असं लिहिलेलं असेल, तर तो माल रूपांतराच्या काळातला आहे. तो मुद्दाम घ्या. त्या शेतकऱ्याला तुमची सर्वांत जास्त गरज याच दोन वर्षांत असते. वीकेंडच्या शेतकरी बाजारात जाल तेव्हा ‘ऑरगॅनिक आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘दादा, शेणखत किती घालता? फवारणी कधी केली होती?’ असं विचारा. खरं पिकवणारा माणूस या प्रश्नावर खुलतो. दहा मिनिटं बोलत राहील.

आणि बजेट नसेल तर साधी मिरची घ्या, स्वच्छ धुवा आणि मनात कसलाही अपराध न बाळगता भाजी करा. भाकरीबरोबर ठेचा खाताना मिरचीचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही. तिचं मोल मात्र पिकवणाऱ्यापर्यंत पोचायला हवं.

बाल्कनीवाल्यांसाठी

* बारा इंची कुंडी, एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट. रोज पाच-सहा तास ऊन हवंच.
* दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत. ताजं शेण किंवा किचनमधला ओला कचरा थेट कुंडीत नको, मुळं भाजतात.
* पानं फिकट पडली तर लिटरभर पाण्यात ग्रॅमभर १९:१९:१९ विरघळवून एकदा द्या. आभाळ कोसळत नाही.
* झाड गुबगुबीत पण फूल नाही? नत्र बंद, ऊन चालू.
* कडक उन्हाळ्यात फुलं गळतात, तेव्हा खत वाढवू नका. पाणी नियमित ठेवा आणि दुपारची सावली द्या.